पाटी पुसण्यापूर्वी

एके काळी पाटी ही शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातातील वस्तू होती. तिच्यावरचे अक्षर चुकले, म्हणजे ओल्या बोळ्याने ते पुसून टाकावे आणि पुन्हा नव्याने गिरवावे, असा रिवाज होता. पुसले गेलेल्या अक्षराची खंत कोणी करीत नसे. कारण जे जपून ठेवायचे ते वहीत उतरविले जाई, आणि पाटीवर केवळ त्या घटकेपुरते लिहिले जाई. आज घरोघरी दिसणाऱ्या काचेच्या पाटीला टॅब्लेट म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थही लिहिण्याची पाटी असाच आहे. परंतु या नव्या पाटीत वहीही आहे, छायाचित्रांचा आल्बम आहे, पत्रांची पेटी आहे आणि बँकेचे पुस्तकही आहे. साहजिकच ती पुसून टाकण्याचा निर्णय पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही.

इंदूरसारख्या शहरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाची कल्पना करावी. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला आहे. त्याने चार वर्षांपूर्वी वडिलांना एक टॅब्लेट आणून दिला. त्यात नातवंडांची छायाचित्रे आहेत, जुन्या इंदूरविषयी सवडीने लिहिलेली टिपणे आहेत, आणि दिवंगत पत्नीच्या आवाजात मुद्रित केलेल्या जात्यावरच्या काही ओव्या आहेत. एके दिवशी सकाळी हा टॅब्लेट उघडेनासा होतो. कंपनीचे चिन्ह पडद्यावर उमटते, मावळते आणि पुन्हा उमटते; त्यापलीकडे काही होत नाही. शेजारचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा धीर देतो, "आजोबा, काळजी करू नका. एक रीसेट मारला की झालं!"

मुलाचा हेतू चांगला आहे, आणि त्याने सुचविलेला उपायही खोटा नाही. अडचण एवढीच की, रीसेट या एकाच शब्दाखाली निदान चार निरनिराळ्या क्रिया मोडतात. त्यांपैकी तिन्हींत त्या ओव्या सामान्यतः सुखरूप राहतात. चौथीत त्या कायमच्या नाहीशा होऊ शकतात. या चारींतील भेद समजून घेणे हीच टॅब्लेटच्या दुरुस्तीची पहिली पायरी होय.

हा भेद ध्यानी येण्यासाठी यंत्राच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे. टॅब्लेटची स्मृती दोन प्रकारची असते. कचेरीतील कारकुनाच्या मेजाची आणि त्याच्या पाठीमागच्या कपाटाची उपमा येथे चांगली लागू पडते. चालू काम मेजावर पसरलेले असते, आणि पूर्ण झालेली कागदपत्रे कपाटात ठेवलेली असतात. टॅब्लेटमधील मेजाला रॅम म्हणतात. ही स्मृती अतिशय चपळ असते. परंतु वीज बंद होताच तिच्यातील सर्व काही लोप पावते. कपाटाचे काम फ्लॅश नावाची स्मृती करते. ती त्या मानाने सावकाश चालते. तथापि वीज नसली तरी तिच्यात ठेवलेले टिकून राहते. छायाचित्रे, पत्रे, ध्वनिमुद्रणे आणि खुद्द यंत्र चालविणारी प्रणाली या सर्वांची जागा कपाटात असते. एखादे ॲप उघडले की त्याला लागणारे कागद कपाटातून मेजावर येतात.

दिवसभर काम चालले की मेजावर पसारा होतो. एखादे ॲप आपले काम संपल्यावरही जागा अडवून बसते. दोन ॲपे एकमेकांची वाट पाहत अडून राहतात. कोठे एखाद्या आकड्याची नोंद चुकते आणि पुढची प्रत्येक बेरीज चुकत जाते. पडदा गोठतो, बोटाला प्रतिसाद मिळत नाही, आणि यंत्र बिघडले असे वाटू लागते. वस्तुतः कपाटाला धक्काही लागलेला नसतो; पसारा झालेला असतो तो केवळ मेजावर. अशा वेळी टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू करणे म्हणजे मेज झाडून कामाला नव्याने आरंभ करणे. चारींपैकी पहिली क्रिया ती हीच. तिला रीस्टार्ट म्हणतात. हिच्यात जाते ते फक्त त्या घटकेला अर्धवट राहिलेले, न जतन केलेले काम.

हा उपाय इतका साधा आहे की पुष्कळांना तो उपाय वाटतच नाही. परंतु त्याची थोरवी मोठमोठ्या प्रसंगी सिद्ध झाली आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्यातील गणकयंत्रावर पेलण्यापलीकडे कामाचा भार पडला आणि १२०२ व १२०१ या क्रमांकांच्या धोक्याच्या सूचना पडद्यावर झळकू लागल्या. त्या गणकयंत्राने त्या काही मिनिटांत स्वतःला अनेकदा पुन्हा सुरू केले. प्रत्येक वेळी त्याने दुय्यम कामे सोडून दिली आणि यान उतरविण्याचे मुख्य काम मात्र जेथल्या तेथे पुढे चालू ठेवले. यान सुखरूप उतरले. कोणती कामे टाकून द्यावयाची आणि कोणती जपावयाची, हे त्याची आज्ञावली रचणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते, हे त्या यशाचे रहस्य.

याच्या उलट, यंत्र दीर्घ काळ अखंड चालू ठेवल्याने काय होऊ शकते याचे उदाहरण २०१५ मध्ये पुढे आले. बोइंग ७८७ या विमानाची वीज सतत २४८ दिवस चालू राहिली, तर त्याच्या जनित्रांवर देखरेख करणाऱ्या आज्ञावलीतील एक गणती भरून ओसंडते आणि सर्व जनित्रे एकाच वेळी बंद पडू शकतात, असे चाचणीत आढळून आले. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने तेव्हा जो तातडीचा उपाय सांगितला, तो म्हणजे विमानाची वीज ठराविक मुदतीने पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करणे. महिनोन्‌महिने बंदच न होणाऱ्या घरच्या टॅब्लेटलाही अशी विश्रांती आठवड्यातून एकदा दिलेली बरी.

टॅब्लेट उघडतच नसेल, तर मात्र रीस्टार्टच्याही आधी एक गोष्ट पाहावी. ती म्हणजे वीज. बॅटरी अगदी तळाला गेली असेल, तर चार्जर लावल्यावरही काही वेळ पडदा काळाच राहतो. म्हणून यंत्र निदान तासभर चार्जरला लावून ठेवावे. तेवढ्याने भागले नाही, तर दुसरी केबल आणि दुसरा ॲडॉप्टर लावून पाहावा. चार्जिंगच्या खाचेत धूळ वा धागे अडकले आहेत का तेही तपासावे. दुरुस्तीच्या दुकानात नेलेला टॅब्लेट धडधाकट निघाला आणि दोष केबलचा होता, असे पुष्कळदा घडते. याउलट टॅब्लेटची पाठ फुगलेली दिसली, किंवा काच कडेने वर उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असे यंत्र मुळीच चार्ज करू नये, दाबू नये आणि स्वतः उघडू नये, कारण त्यात आगीचा धोका असतो. ते थेट जाणकाराच्या हाती द्यावे. फुगलेली बॅटरी, तडकलेली काच किंवा झिजलेली स्मृती या शरीराच्या व्याधी आहेत. कोणत्याही रीसेटने त्या बऱ्या होत नाहीत.

पडदा गोठला असेल तर नेहमीच्या रीतीने यंत्र बंद करता येत नाही. त्यासाठी बटणांच्या ठराविक जोडीने सक्तीचा रीस्टार्ट करावा लागतो. होम बटण असलेल्या आयपॅडवर ते बटण आणि वरच्या कडेचे बटण ही दोन्ही एकदम दाबून धरावीत, व कंपनीचे चिन्ह दिसताच सोडावीत. होम बटण नसलेल्या आयपॅडवर आवाजाच्या दोन बटणांपैकी वरच्या बटणाजवळचे आधी दाबून लगेच सोडावे. मग दुसरे दाबून लगेच सोडावे. आणि त्यानंतर वरचे बटण चिन्ह उमटेपर्यंत दाबून धरावे. सॅमसंगच्या टॅब्लेटवर पॉवरचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दहा सेकंदांपर्यंत दाबून धरतात. इतर बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेटांवर केवळ पॉवरचे बटण अर्धा मिनिटपर्यंत दाबून धरल्याने काम होते. ही कृती पाहणाऱ्याला दांडगाईची वाटते. परंतु तीही मेज झाडण्याचीच क्रिया आहे. कपाटातील कागद जागच्या जागी राहतात.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले असे मात्र मानू नये. पसारा का झाला याचा शोध घ्यावा. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कपाट काठोकाठ भरणे. प्रणालीलाही आपले काम चालविण्यासाठी कपाटात थोडी मोकळी जागा लागते; ती उरली नाही की टॅब्लेट रखडतो आणि प्रसंगी सुरू होतानाच अडतो. सणावाराला आलेल्या शुभेच्छांची शेकडो चित्रे आणि चलचित्रे काढून टाकली, तरी पुष्कळ जागा मोकळी होते. दुसरे कारण नव्याने घेतलेले एखादे सदोष ॲप. अनेक अँड्रॉइड टॅब्लेटांत सेफ मोड नावाची सोय असते. पडद्यावर आलेल्या पॉवर ऑफ या शब्दांवर बोट काही क्षण दाबून ठेवले, म्हणजे ती मिळते. या अवस्थेत यंत्र फक्त मूळच्या ॲपांसह चालते. तेथे ते सुरळीत चालले, तर दोष नंतर आलेल्या ॲपांपैकी एखाद्याचा आहे हे उघड झाले.

एवढ्यानेही भागले नाही, तर दुसऱ्या क्रियेकडे वळावे. तिच्यात केवळ मांडणी मूळपदावर आणली जाते. वायफायचे परवलीचे शब्द, पडद्याचा उजेड, सूचनांचे आवाज, कोणत्या ॲपला कशाची परवानगी आहे, यांसारख्या निवडी पुसल्या जातात. छायाचित्रे आणि कागदपत्रे राहतात. कचेरीचे नियम बदलावे, पण कपाटाला हात लावू नये, तसाच हा प्रकार. येथे एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये ज्या पानावर रीसेट हा पर्याय आहे, त्याच पानावर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा दुसरा पर्यायही आहे. पहिल्यातून 'रीसेट ऑल सेटिंग्ज' निवडले तर फक्त मांडणी बदलते. दुसरा निवडला तर सर्वस्व जाते. इरेज किंवा वाइप हा शब्द दिसला की बोट आवरावे, एवढी खूणगाठ मनाशी बांधली तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

इंदूरच्या शिक्षकांचा टॅब्लेट मात्र सेटिंग्जपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी तिसरी क्रिया उपयोगी पडते. तो टॅब्लेट आयपॅड असेल, तर केबलने तो संगणकाला जोडावा आणि सक्तीच्या रीस्टार्टचीच बटणे वापरावीत. मात्र चिन्ह दिसल्यावरही ती न सोडता संगणकाची खूण पडद्यावर येईपर्यंत धरून ठेवावीत. मग संगणक दोन पर्याय पुढे करतो: अपडेट आणि रिस्टोअर. अपडेट निवडल्यास संगणक प्रणाली नव्याने बसविण्याचा प्रयत्न करतो आणि वापरणाऱ्याच्या वस्तूंना हात लावीत नाही. रिस्टोअर निवडल्यास सर्व पुसतो. प्रणाली इंटरनेटवरून उतरविण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर आयपॅड या अवस्थेतून आपोआप बाहेर पडतो. तेव्हा न घाबरता उतरविणे पूर्ण होऊ द्यावे आणि बटणांची कृती पुन्हा करावी. अँड्रॉइड टॅब्लेटांत रिकव्हरी नावाचा एक साधा पडदा असतो. तेथे आवाजाच्या बटणांनी ओळी वरखाली करतात आणि पॉवरच्या बटणाने निवडतात. काही टॅब्लेटांत तेथे 'वाइप कॅशे पार्टिशन' अशी ओळ असते. तिने फक्त प्रणालीच्या तात्पुरत्या नोंदी जातात. वाइप या शब्दाच्या नियमाला हा एक अपवाद होय. तिच्या अगदी शेजारीच 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' ही ओळ असते. दोहोंतील अंतर बोटभरही नाही. परिणामांतील अंतर मात्र आयुष्यभराचे आहे.

ही शेवटची ओळ म्हणजेच चौथी क्रिया. तिने टॅब्लेट कारखान्यातून निघाला त्या दिवसाच्या अवस्थेस जातो. पुष्कळांची अशी समजूत असते की पुसलेले कधीतरी, कोणीतरी परत आणून देईल. जुन्या संगणकांच्या बाबतीत ते काही अंशी खरे होते. कारण तेथे पुष्कळदा केवळ अनुक्रमणिका पुसली जाई आणि मजकूर मागे उरे. गेल्या दशकभरातील बहुतेक टॅब्लेटांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातील सर्व मजकूर सांकेतिक रूपात साठविलेला असतो, आणि तो उलगडणारी किल्ली यंत्राच्या आतच एका सुरक्षित जागी असते. फॅक्टरी रीसेटच्या वेळी ती किल्लीच नष्ट केली जाते. २५६ बिटांच्या अशा किल्लीचे जेवढे प्रकार संभवतात, त्यांची संख्या लिहावयाची तर ७८ अंक लागतात. एकेक करून ती शोधणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. चोराच्या हाती खासगी गोष्टी पडू नयेत म्हणून केलेली ही योजना धन्याच्या चुकीलाही तितक्याच कठोरपणे लागू होते.

या कठोरपणाची दुसरी बाजू रीसेट झाल्यावर कळते. २०१३ पासून आयपॅडमध्ये आणि २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आली की, बाहेरून पुसलेले यंत्र पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या खात्याचा परवलीचा शब्द मागते. चोरलेला टॅब्लेट निरुपयोगी व्हावा हा तिचा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु वडीलधाऱ्यांच्या टॅब्लेटवरील खाते बहुधा परगावी असलेल्या मुलाने किंवा नातीने उघडून दिलेले असते. परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही, आणि ज्या जुन्या फोनवर पडताळणीचा संदेश जावयाचा तो क्रमांकही बदललेला असतो. मग छायाचित्रे गेली ती गेलीच, आणि हातात उरते ती केवळ एक चकचकीत फरशी. म्हणून चौथ्या क्रियेपूर्वी खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द ठाऊक असल्याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. जुना टॅब्लेट दुसऱ्यास देतानाही खाते आधी काढून मगच तो सेटिंग्जमधून पुसावा. नाहीतर घेणाऱ्याच्या पदरी कुलूपबंद यंत्र येते.

याचा अर्थ फॅक्टरी रीसेट वाईट असा मुळीच नव्हे. प्रणाली खिळखिळी झाली असेल, घातक आज्ञावली शिरली असेल, किंवा यंत्र दुसऱ्याच्या हाती जावयाचे असेल, तर हाच उपाय योग्य होय. मात्र ज्याची प्रत दुसरीकडे आहे, त्यानेच तो निर्धास्तपणे करावा. प्रत दोन ठिकाणी असावी: एक खात्याशी जोडलेल्या दूरच्या साठवणुकीत आणि एक घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर. दूरची साठवणूक चालू आहे एवढ्यावर विसंबू नये. दुसऱ्या यंत्रावरून खाते उघडून, हवी ती वस्तू तेथे खरोखर दिसते का, हे डोळ्यांनी पाहावे. पुष्कळदा छायाचित्रे तेथे पोहोचलेली असतात, पण ध्वनिमुद्रणे आणि संदेशांतील संभाषणे पोहोचलेली नसतात. टॅब्लेटमध्ये वेगळे मेमरी कार्ड असेल, तर ते आधी काढून बाजूला ठेवावे.

आता त्या निवृत्त शिक्षकांकडे आणि शेजारच्या मुलाकडे परत यावे. मुलाने काय करावे? टॅब्लेट तासभर चार्जरला लावावा. मग सक्तीचा रीस्टार्ट करावा. त्याने काम न झाल्यास प्रणाली नव्याने बसवून पाहावी, आणि पुसण्याचा पर्याय पुढे आला की थांबावे. तेथे थांबून आजोबांना एक प्रश्न विचारावा: "यात असं काही आहे का, की जे दुसरीकडे कुठेच नाही?" उत्तर नाही असे आले, तर पाटी खुशाल पुसावी. उत्तर होय असे आले, तर टॅब्लेट बंद करून ठेवावा, बंगळूरच्या मुलाला दूरध्वनी करून खात्यात प्रत आहे का ते पाहावयास सांगावे, आणि नसेल तर कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात, पुसू नये असे लेखी सांगून, तो न्यावा. न पुसलेला टॅब्लेट कपाटात महिनाभर पडून राहिला तरी त्याच्या आतल्या ओव्यांना काही होत नाही.

यंत्र पुसण्याचे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते कोणासही शिकता येते. तो प्रश्न विचारण्यास त्याहूनही कमी वेळ लागतो. तो वेळेवर विचारला गेला, तर निकामी झालेल्या यंत्राच्या जागी नवे यंत्र आणता येईल, आणि त्या ओव्या पुन्हा ऐकता येतील.